खान्देशात बसून माणसाची उत्क्रांती कशी अभ्यासायची: चवळीच्या दाण्यांपासून पाटण्याच्या शहामृगापर्यंत

मी शहाद्याकडे ज्युनियर कॉलेजात बायो शिकवतो. दरवर्षी दोन-तीन पोरं तरी तास संपल्यावर मागे थांबतात आणि विचारतात, सर हे माणसाच्या उत्क्रांतीचं अजून वाचायचंय, कुठून सुरुवात करू. मग ती मोबाईलवर शोधतात, तिथे ते वाकलेलं माकड पाच पायऱ्यांत सरळ उभं राहून माणूस होतं ते चित्र सापडतं, आणि गाडी तिथेच अडकते. शिवाय घरून सांगितलेलं असतं की हा विषय आफ्रिकेतल्या हाडांचा, पुण्या-मुंबईच्या लॅबचा, आपल्या गावात बसून काय होणार. तर होतं, बरंच होतं, आणि कसं होतं तेच लिहितोय. थोडं लांबेल पण पूर्ण वाचा.

पहिले तो गावातला ठरलेला प्रश्न मिटवून टाकू, माणूस माकडापासून झाला तर मग आजही माकडं का आहेत. आपल्याकडे भाट येतो ना वही घेऊन, पिढ्या वाचून दाखवतो, त्यात तुमचा पणजोबा आणि शेजारच्या गावातल्या कुणाचा तरी पणजोबा सख्खे भाऊ निघतात. म्हणून तो शेजारगावचा माणूस तुमचा बाप होत नाही, तो तुमचा चुलत. चिंपांझी आपला तसाच चुलत आहे, दोघांचा सामायिक पूर्वज साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वीचा, आणि तो ना चिंपांझी होता ना माणूस. देवळावर बसलेला काळतोंड्या वानर त्याहून लांबचा चुलत, त्याचं आपलं घराणं अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वी वेगळं झालं. हे एकदा डोक्यात बसलं की ते पाच पायऱ्यांचं चित्र आपोआप गळून पडतं, कारण वंशावळीला फांद्या असतात, शिडी नसते.

आता अभ्यासाची पद्धत. एक दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक प्रश्नाला समोरासमोरची दोन पानं द्या, त्यावर चार रकाने आखा: हाडं, जनुकं, परिसर, वागणूक. वर एकच प्रश्न लिहायचा आणि चारही रकान्यांत त्याला कोण काय उत्तर देतं ते भरायचं. हे चार साक्षीदार आहेत असं समजा. हाड सांगतं शरीर कसं होतं, पण त्याची सोयरीक कुणाशी होती ते फारसं सांगत नाही. जनुक सोयरीक सांगतं पण चेहरा दाखवत नाही. परिसर सांगतो काय खायला मिळत होतं, पण खाल्लंच का ते नाही. आणि आजच्या प्राण्यांची, माणसांची वागणूक सांगते की काय शक्य आहे, एवढंच, पूर्वी तसंच घडलं असं ती सांगत नाही. एकाच साक्षीदारावर निकाल देऊ नका, माझं सगळं म्हणणं खरं तर एवढंच आहे. बाकीचं त्याचं कसं करायचं ते.

सुरुवात कशापासून? बहुतेक पुस्तकं लूसीपासून, म्हणजे इथिओपियात मिळालेल्या जुन्या सांगाड्यापासून करतात. मी म्हणेन नंदुरबार-धुळ्यातल्या पोरांनी सिकलसेलपासून, या रक्ताच्या आनुवंशिक आजारापासून करावी. कारण हा शब्द आपल्याकडे प्रत्येकाने ऐकलाय, शाळेत बोटाला सुई टोचून झालीय, कुणाच्या तरी घरात कार्ड आहे, एएस पॅटर्न, एसएस पॅटर्न हे शब्द आशाताईंच्या तोंडी असतात. आणि चारही रकाने या एका प्रश्नात भरतात.

प्रश्न असा लिहा: ज्या जनुकामुळे लेकरं दगावत होती ते जनुक हजारो वर्षं टिकलं कसं?

जनुकांचा रकाना. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या जनुकात एक अक्षर बदलतं, जीएजीचं जीटीजी होतं, त्याने सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येतं आणि ऑक्सिजन कमी झाला की लाल पेशी विळ्यासारखी वाकते. आई-बाप दोघांकडून हे आलं तर एसएस, म्हणजे आजार. एकाकडूनच आलं तर एएस, म्हणजे वाहक, आणि त्याला सहसा काही त्रास नसतो. दोघं वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता एसएसची. इथपर्यंत पाठ्यपुस्तकात असतं. पुढचं महत्त्वाचं आहे, एएस माणसाला फॅल्सिपेरम मलेरियाचा जीवघेणा प्रकार कमी होतो, त्याच्या पेशीत तो परजीवी नीट वाढत नाही. ॲलिसन नावाच्या डॉक्टरने १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या कामातून हे दाखवलं. त्याआधी १९४९ मध्ये जे. बी. एस. हाल्डेन या शास्त्रज्ञाने थॅलेसेमिया या रक्ताच्या दुसऱ्या आजाराबद्दल असाच अंदाज मांडला होता, आणि हाच हाल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात राहायला आला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला. आपल्या देशात सिकलसेल पहिल्यांदा नोंदलं गेलं १९५२ मध्ये, निलगिरीत.

आता हे नुसतं वाचू नका, करून बघा. मी वर्गात करतो तो प्रयोग सांगतो. किराणा दुकानातून पांढरी चवळी आणि लाल चवळी आणा, दाणे साधारण एकाच आकाराचे हवेत, नाहीतर बोटाला फरक कळतो. पांढरा म्हणजे ए, लाल म्हणजे एस. डब्यात १९० पांढरे, १० लाल, चांगलं हलवा. डोळे मिटून दोन-दोन दाणे काढत जा, प्रत्येक जोडी म्हणजे एक बाळ, डबा रिकामा होईपर्यंत, म्हणजे शंभर बाळं होतात. दोन्ही पांढरे आले तर फासा टाका, एक पडला तर ते बाळ मलेरियात गेलं, बाजूला काढा. एक पांढरा एक लाल असेल तर फासा नाही, ते जगलं. दोन्ही लाल असतील तर जुन्या काळच्या हिशोबाने ते गेलं. मग वाचलेल्या सगळ्यांचे दाणे मोजा, त्यात लाल किती टक्के ते काढा आणि त्याच प्रमाणात २०० दाण्यांचा नवा डबा भरा. ही दुसरी पिढी. असं पंधरा-वीस पिढ्या करायचं, वेळ लागतो, पण चार-पाच गट केले की दोन तासांत होतं.

काय दिसतं? लाल दाणे हळूहळू वाढतात आणि सातात एकच्या आसपास जाऊन घुटमळतात, म्हणजे २०० मध्ये २८-२९. हा आकडा गणितातूनही येतो, फाशाने सहात एक जातो त्यामुळे संतुलन एक सप्तमांशावर बसतं. पण गटागटात फरक पडतो, कुणाचे लाल दाणे ४० वर जातात, कधी एखाद्या गटात सुरुवातीलाच संपून जातात, आणि तिथे पोरं म्हणतात सर आमचं चुकलं. चुकलेलं नसतं, लोकसंख्या लहान असली की नशिबाचा वाटा मोठा असतो, यालाच जनुकीय विचलन म्हणतात, इंग्रजी पुस्तकात ड्रिफ्ट. छोट्या पाड्यांमध्ये, आपसातच लग्नं होणाऱ्या समूहांत हे खरोखर घडत आलंय.

मग मलेरिया बंद करा, म्हणजे फासा बाजूला ठेवा आणि फक्त दोन लाल असलेली जोडी काढत जा. लाल दाणे कमी होतील, पण किती सावकाश ते बघा, सातात एकवरून चौदात एकवर यायला सात पिढ्या लागतात. पिढी २५ वर्षांची धरली तर पावणेदोनशे वर्षं. आणि हे तेव्हा, जेव्हा एकाही एसएस माणसाला मूल होत नाही असं धरलं. आज औषधोपचाराने ते जगतात, संसार करतात, आणि ते तसंच व्हायला हवं, त्यामुळे खरा वेग याहून कमी. म्हणजे निवड संपली तरी तिची सावली पिढ्यानपिढ्या राहते. चवळीच्या डब्यातून हे कळतं ते कुठल्याही व्हिडिओतून कळत नाही, मी अनेक वर्षं बघतोय.

परिसर आणि वागणूक हे दोन रकाने इथे एकमेकांत गुंतलेत. मलेरियाचा डास कुठे वाढतो? साचलेल्या पाण्यात. फ्रँक लिव्हिंगस्टोन या मानवशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये पश्चिम आफ्रिकेबद्दल मांडलं की शेतीसाठी जंगल तोडलं, ऊन जमिनीपर्यंत आलं, डबकी झाली, माणसं एका जागी दाटीने राहू लागली, आणि मलेरिया वाढला, मग सिकलसेलचं जनुक वाढलं. म्हणजे माणसाने आपली राहणी बदलली, राहणीने परिसर बदलला, परिसराने जनुकं निवडली. उत्क्रांती म्हणजे फक्त निसर्ग माणसाला घडवतो असं नाही, माणूसही ती परिस्थिती घडवतो जी पुढे त्याच्या नातवंडांना घडवते. हाडांच्या रकान्यात लिहा: दीर्घकाळचा ॲनिमिया असला की कवटीचं हाड आतून जाड आणि सच्छिद्र होऊ शकतं, जुन्या सांगाड्यांत हे दिसतं. पण तसं ते इतर कारणांच्या ॲनिमियातही होतं, म्हणून नुसतं हाड बघून सिकलसेल म्हणायचं नाही. बघा, साक्षीदार अर्धंच बोलतोय, आणि ते ओळखता येणं हाच अभ्यास.

यानंतरची पायरी मोबाईलवर होते. एन्सेम्बल नावाचा जनुकांचा मोफत डेटाबेस आहे, तिथे आरएस३३४ टाइप करा, हा सिकलसेलच्या त्या बदलाचा नंबर. मग लोकसंख्यांनुसार प्रमाण दाखवणारा भाग उघडा, १००० जीनोम प्रकल्पाचे, म्हणजे जगभरच्या लोकांचे डीएनए नमुने घेऊन काढलेले आकडे दिसतील. आफ्रिकेच्या रकान्यात दहा टक्क्यांच्या जवळपास. दक्षिण आशियाच्या रकान्यात शून्य. शून्य! नंदुरबारच्या कुठल्याही दवाखान्यात विचारा शून्य आहे का ते. मग ते चुकलं कसं? चुकलं नाही, त्यांनी ज्यांचं रक्त घेतलं ते होते ह्यूस्टनमधले गुजराती, इंग्लंडमधले तेलुगू आणि श्रीलंकन तमिळ, लाहोरचे पंजाबी आणि बांगलादेशातले बंगाली. भिल, पावरा, गावित, कोकणा कुणीच नाही, मराठी माणूसही नाही. हे मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसलो होतो. तेव्हापासून प्रत्येक अभ्यास वाचताना माझा पहिला प्रश्न असतो, नमुने कुणाचे घेतले? तुमचाही असू द्या.

असंच आरएस४९८८२३५ बघा, मोठेपणी दूध पचवण्याशी जोडलेला बदल. बहुतेक सस्तन प्राणी अंगावरचं दूध सुटलं की लॅक्टेज, म्हणजे दुधातली साखर पचवणारं विकर, बनवणं कमी करतात, जिथे पशुपालन मुरलं तिथे हे पचवणारा बदल वाढला, भारतात वायव्येकडे जास्त, दक्षिण-पूर्वेकडे कमी. ज्यांना कच्चं दूध बाधतं त्यांना ताक-दही चालतं कारण जिवाणूंनी लॅक्टोज, म्हणजे ती दुधातली साखर, आधीच बरंचसं संपवलेलं असतं. म्हणजे जनुक नसलं तरी स्वयंपाकघराने वाट काढली. पुढची पानं तुमची तुम्ही भरा.

डीएनए डोळ्यांनी बघायचा असेल तर केळ घ्या, जळगाव जिल्ह्यात केळ्यांना तोटा नाही. पिकलेल्या केळ्याचा अर्धा तुकडा पिशवीत कुस्करा, अर्धी वाटी पाण्यात चमचाभर भांडी घासायचं लिक्विड आणि दोन चिमटी मीठ घालून ते त्यात हळू मिसळा, फेस करू नका, दहा मिनिटांनी सुती कपड्यातून गाळा, आणि ग्लास तिरका करून बाजूने फ्रीजरमध्ये गार केलेलं सर्जिकल स्पिरिट सोडा. मधल्या थरात पांढरे धागे वर येतात, तो डीएनए (सोबत थोडं इतर काहीबाही असतंच). स्पिरिट जवळ असताना गॅस बंद. आणि केळीचा विषय निघालाच आहे तर हेही बघा की बागेतली सगळी खोडं कंदापासून किंवा टिश्यू कल्चरपासून आलेली, म्हणजे एकमेकांच्या नकला. म्हणून करपा आला की सगळ्या बागेवर सारखा येतो. विविधता नसली तर निवडीला निवडायलाच काही उरत नाही, हे रावेर-यावलच्या शेतकऱ्याला वेगळं समजवावं लागत नाही.

हाडांकडे येऊ. स्पष्टच सांगतो, खान्देशात आदिमानवाची हाडं शोधायला निघू नका. आपला काळा पाषाण म्हणजे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, त्यात माणूस सापडणं शक्यच नाही, आणि तापी-गिरणेच्या गाळात अवजारं मिळतात. सातपुडा ओलांडून नर्मदेवर गेलात तर मध्य प्रदेशात सिहोर जिल्ह्यात हथनोरा आहे, तिथे ५ डिसेंबर १९८२ रोजी जीएसआयच्या (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण) अरुण सोनकिया यांना कवटीचा वरचा भाग सापडला. भारतातलं एवढं जुनं मानवी हाड म्हटलं की सगळे त्याचंच नाव घेतात. आधी त्याला होमो इरेक्टस, म्हणजे माणसाची एक जुनी, नामशेष जात म्हटलं गेलं, पुढे अनेकांनी ते नंतरच्या, जास्त मोठ्या मेंदूच्या गटाजवळ ठेवलं. एका कवटीवर किती भांडता येतं त्याचं हे चांगलं उदाहरण आहे.

मग हाडं शिकायची कशी? खाटकाकडून बोकडाची मुंडी आणा, उकळून मांस काढा, चुन्याच्या पाण्यात ठेवा, वाळवा. आता मागच्या बाजूचं मोठं छिद्र बघा जिथून पाठीचा कणा जोडतो. चार पायांवर चालणाऱ्याचं ते मागे असतं, आपलं कवटीच्या खाली मधोमध असतं, कारण आपलं डोकं मणक्यावर तोललेलं आहे. रेमंड डार्टने १९२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत टाउंगच्या लहान मुलाची कवटी बघितली तेव्हा याच छिद्रावरून तो म्हणाला की हे लेकरू उभं चालत होतं. मेंदू छोटा, चाल माणसाची. त्या काळात हे लोकांना पटेना कारण सगळ्यांना वाटत होतं की आधी मेंदू वाढला असणार. १९७४ मध्ये इथिओपियात लूसी मिळाली, सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीची, तिचा गुडघा आणि कटीचं हाड तेच सांगतं. टांझानियात लेटोलीला तर राखेत उमटलेली पावलं आहेत, साधारण ३६ लाख वर्षांपूर्वीची. म्हणजे आपण आधी चाललो, विचार करणं फार नंतरचं. थ्रीडी स्कॅन मोफत मिळतात, मॉर्फोसोर्सवर आणि स्मिथसोनियनच्या संग्रहात, मोबाईलवर कवटी फिरवून खालून बघा आणि बोकडाच्या शेजारी ठेवून तुलना करा. छिद्र, गुडघा, दात, सुरुवातीला एवढं तीनच बघा.

दातांवरून एक प्रकरण सांगतो, ते मला फार आवडतं. १९५९ मध्ये मेरी लीकी यांना टांझानियातल्या ओल्डुवाईत एक कवटी मिळाली, दाढा प्रचंड, जबडा दणकट, तिला नाव पडलं अक्रोडफोड्या. सगळे म्हणाले हा कडक कवचाची फळं फोडून खायचा. पन्नासेक वर्षांनी त्या प्रकारच्या दातांच्या इनॅमलमधला कार्बन मोजला तर निघालं की त्याचं बरंचसं खाणं गवत आणि लव्हाळ्याच्या जातीचं. दाढा मोठ्या होत्या त्या दिवसभर चघळण्यासाठी. हाडाने एक सांगितलं, रसायनाने त्याची उलटतपासणी केली.

हे कार्बनचं कसं चालतं ते आपल्या ताटावरूनच समजतं. ज्वारी, बाजरी, मका, ऊस ही सी-फोर झाडं, गहू, तांदूळ, उडीद, हरभरा ही सी-थ्री. दोन्ही हवेतलाच कार्बन घेतात पण वेगळ्या पद्धतीने, त्यामुळे जड कार्बनचं प्रमाण वेगळं पडतं, ठरलेल्या नमुन्याशी तुलना करून दर हजारी मोजला तर सी-थ्रीचा आकडा उणे २६ च्या आसपास आणि सी-फोरचा उणे १२ च्या आसपास. जे खाल ते हाडात आणि दातात उतरतं. म्हणजे दादरची (रब्बी ज्वारीची) भाकरी खाऊन वाढलेल्या आजीच्या दातात आणि गव्हाच्या पोळीवर वाढलेल्या नातवाच्या दातात हा फरक मोजता येईल, आणि कळण्याची भाकरी खाणारा कुठेतरी मध्ये येईल कारण त्यात ज्वारीसोबत उडीद आहे. पण इथे एक फसगत आहे. म्हशीने कडबा खाल्ला, तुम्ही दूध प्यायलात, तर तुम्ही भाकरी न खाताही सी-फोरचा आकडा चढतो. म्हणून नायट्रोजन बघतात (दूध-मांसाचा वाटा किती ते त्यावरून कळतं), जनावरांची हाडं बघतात, जळालेले दाणे बघतात. एक सांगायचं राहिलं, ज्वारी मूळची आफ्रिकेची, आपल्यासारखीच तिकडून आलेली.

आता दगडांची अवजारं, आणि इथे खान्देश खरंच श्रीमंत आहे. चाळीसगावजवळ पाटणे आहे, पाटणादेवीच्या डोंगराच्या पायथ्याशी. तिथे एस. ए. साळी यांनी १९७२-७३ मध्ये उत्खनन केलं आणि मध्य पुराश्मयुगापासून (जुन्या दगडी अवजारांच्या काळापासून) पुढचे थर एकावर एक मिळाले, जास्पर आणि कॅल्सेडोनी या गारगोटीसारख्या दगडांची अवजारं, आणि शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी. एका कवचाच्या तुकड्यावर कोरलेली जाळीदार नक्षी आहे. कवचाचं कार्बन वय साधारण २५,००० वर्षं. चाळीसगावात शहामृग म्हटल्यावर लोक हसतात. पण २०१७ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी भारतात मिळालेल्या अशा कवचातून जुना डीएनए काढला आणि तो शहामृगाचाच निघाला. मग वहीत हा प्रश्न लिहा आणि रकाने भरा: शहामृग होता म्हणजे मोकळा गवताळ प्रदेश, कोरडं हवामान. मणी केले म्हणजे कुणीतरी वेळ काढून छिद्रं पाडली, घासून गोल केले, दोऱ्यात ओवले, कुणाच्या तरी गळ्यात घातले. पोटाशी संबंध नसलेलं काम. दक्षिण आफ्रिकेत डीपक्लूफला अशीच कोरलेली कवचं आहेत, साधारण ६०,००० वर्षांपूर्वीची. दोन्हींचा थेट संबंध जोडायची घाई करू नका, जिथे शहामृग तिथे कवच आणि जिथे माणूस तिथे रेघा, असंही असू शकतं.

मी सातवीत असताना गिरणेच्या काठावर एक गारगोटीची सुंदर पाती उचलली होती, धार अजून शाबूत. खिशात घालून घरी आणली आणि कुठल्या थरातून, कुठल्या वळणावर, काहीच लिहिलं नाही. आज ती माझ्याकडे आहे आणि ती काहीही सांगत नाही, नुसता दगड. हे तुम्ही करू नका. अवजारासारखं काही दिसलं तर जागेवरच ठेवा, शेजारी नाणं किंवा पट्टी ठेवून फोटो घ्या, काठाचा उभा थर दिसेल असा दुसरा फोटो घ्या, मोबाईलवर लोकेशन सेव्ह करा, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाला किंवा राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला कळवा. परवान्याशिवाय खोदणं गुन्हा आहे, पुरावस्तूंबद्दल १९७२ चा कायदा आहे. प्रकाशे, बहाळ, सावळदा ही नावंही वाचनात येतील, ती फार नंतरची, तीन-चार हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची गावं, मडकी आणि धान्य समजायला उत्तम.

वागणुकीचा अभ्यास सगळ्यात स्वस्त, घड्याळ आणि पेन्सिल पुरते. पाटणादेवी, तोरणमाळ, पद्मालय, कुठेही वानरांची टोळी असतेच. जीन ऑल्टमन यांनी १९७४ मध्ये निरीक्षणाच्या पद्धतींवर जो लेख लिहिला तो आजही पाया आहे, त्यातली सोपी पद्धत घ्या: दर दहा मिनिटांनी एकदा सगळ्या टोळीवर नजर फिरवायची आणि त्या क्षणी कोण काय करतंय ते लिहायचं, खातंय, बसलंय, उवा काढतंय, चाललंय. मधल्या वेळात काहीतरी भारी घडलं तर ते वेगळ्या पानावर, हिशोबात धरायचं नाही. याचं कारण असं की आपल्याला भांडणं लक्षात राहतात आणि तास न् तास बसून राहणं लक्षात राहत नाही, मग वाटतं वानरं दिवसभर भांडतात. खायला काही देऊ नका, त्याने सगळी नोंद बिघडते आणि पुढे शेतकऱ्याला त्रास होतो. लालतोंड्या माकडांत दोन जाती आहेत, डोक्यावर केसांचा भांग-टोपी असलेला लांब शेपटीचा दक्षिणेचा, आणि आखूड शेपटीचा उत्तरेचा, आणि त्यांच्यातली ढोबळ सीमा पश्चिमेला तापीच्या आसपास मानतात. म्हणजे आपण सीमेवरच राहतो, कुठल्या गावात कुठला दिसतो ते नोंदवा.

वानरांत एक गोष्ट हमखास बघा, तान्हं पिल्लू एका मादीकडून दुसरीकडे, तिथून तिसरीकडे जातं, आई तेवढ्यात पोटभर पाला खाऊन घेते. सारा हर्डी यांनी १९७० च्या दशकात माउंट अबूला वानरांचा अभ्यास केला आणि पुढे माणसाबद्दल मांडलं की आपलं लेकरू एकट्या आईने वाढवण्याजोगं नाहीच, अनेक हात लागतात, आणि आपला समजूतदारपणा कदाचित त्यातूनच आला. क्रिस्टन हॉक्स यांनी टांझानियातल्या शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या हाड्झा लोकांत आज्या कंद खणून नातवंडांना खाऊ घालतात ते मोजलं. कापूस वेचणीच्या दिवसांत आपल्या गावात बघा, बांधावरच्या झोळीतलं लेकरू कोण सांभाळतं, किती वेळ, आई काय करते. दर दहा मिनिटांनी, त्याच पद्धतीने. घरच्यांना विचारून.

आणि विचारून यावर जोर देतो. पाड्यावर जाऊन कुणालाही 'आदिम' समजून नोंदी घेऊ नका. भिल-पावरा माणूस तुमच्याइतकाच आजचा आहे, त्याच्यामागेही तेवढीच वर्षं उत्क्रांती चाललीय, तो कुणाचा भूतकाळ नाही. या विषयाचा इतिहास इथे घाणेरडा आहे, कवट्या मोजून माणसं वर-खाली लावली गेली. इरावती कर्वे १९२० च्या दशकात बर्लिनला गेल्या तेव्हा त्यांच्या मार्गदर्शकाला कवटीच्या दोन बाजूंच्या असमानतेतून गोऱ्यांचं श्रेष्ठत्व दाखवायचं होतं, बाईंनी मोजमापं केली आणि लिहिलं की वंशाचा आणि त्याचा काही संबंध दिसत नाही. तिथे, त्या माणसासमोर. सिकलसेलबद्दल बोलतानाही हेच ध्यानात ठेवा, कुणाचं कार्ड कुठल्या रंगाचं हे वर्गात विचारायचं नाही, आणि हे अमुक जातीचंच असतं असं लिहायचं नाही, कारण ते खरंही नाही.

घरात करण्यासारखी अजून एक चांगली गोष्ट म्हणजे लग्नाचं अंतर. आजीजवळ बसा आणि तिच्या, तिच्या बहिणींच्या, मग आईच्या, मग ताईच्या पिढीत कोण कुठल्या गावाहून आली ते विचारा, नकाशावर किलोमीटर मोजा, पिढीनुसार सरासरी काढा. नावं लिहू नका, नुसते आकडे. जनुकं गावोगाव कशी फिरतात ते यातून दिसतं, आणि रोटी-बेटी व्यवहाराची भिंत कुठे आहे तेही दिसतं. २०१३ मधल्या एका जनुकीय अभ्यासातून असं निघालं की भारतात वेगवेगळ्या समूहांची मोठी सरमिसळ साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी झाली, आणि मग आपसात लग्नं करण्याची रीत घट्ट झाली. म्हणजे भिंत जुनी आहे पण कायमची नव्हती. माझ्या आजीच्या पिढीचं सरासरी अंतर निघालं होतं १४ किलोमीटर, म्हणजे बैलगाडीने जाऊन मुक्काम करून येण्याएवढं.

पुढे शिकायचं असेल तर डेक्कन कॉलेजला पुरातत्त्वात एमए आहे, पुणे विद्यापीठात मानवशास्त्र विभाग आहे, जनुकांकडे ओढा असेल तर बीएस्सीला बायोटेक किंवा झूलॉजी घेऊन पुढे हैदराबादच्या सीसीएमबीकडे नजर ठेवा. सायन्स नसेल तरी पुरातत्त्वाचं दार उघडं असतं, आर्ट्सच्या पोरांनी घाबरू नये. स्टॅटिस्टिक्स मात्र कुणालाच चुकत नाही, ते आत्ताच सुरू करा.

पाटण्याला जायचं असेल तर पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबर ते जानेवारी, सकाळी लवकर. तेव्हा गवत बसलेलं असतं, ओढ्याच्या काठाचे थर उघडे दिसतात आणि ऊन तिरकं असल्यामुळे गारगोटीची धार चमकून ओळखू येते. वही, पट्टी, पाणी घ्या, पिशवी नेऊ नका.